आधी पाणी, मग कार्पेट : १९६७ च्या मस्टँगचं इंटिरिअर घरच्या गॅरेजमध्ये

पार्श्वभूमी

न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातलं एक मराठी जोडपं. दोघंही नोकरी करणारी. घराला लागून दोन गाड्यांचं गॅरेज, हत्यारं बऱ्यापैकी, वेल्डिंगचा अनुभव शून्य. सप्टेंबरमध्ये त्यांनी १९६७ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची, घेतली. इंजिन ३९० घनइंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८. मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी म्हणायचं, की ‘मसल कार’ म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाची, यावर जुन्या गाड्यांची मंडळी तासन्‌तास भांडतात. पण मस्टँगच्या पोटात हे मोठं इंजिन पहिल्यांदा बसलं ते १९६७ सालीच, तेव्हा या गाडीपुरता तरी वाद मिटायला हरकत नाही.

गाडीचा चेसिस नंबर ७टी०१एस असा सुरू होत होता. ७ म्हणजे १९६७, ०१ म्हणजे हार्डटॉप, एस म्हणजे ३९० चं इंजिन आणि टी म्हणजे फोर्डचा मेटाचेन कारखाना. हा कारखाना नावाने मेटाचेनचा, पण होता एडिसनमध्येच. २००४ साली तो बंद झाला. गाडी जन्मगावी परत आली याचंच घरात इतकं कौतुक झालं, की ती घेताना कार्पेटखाली हात घालून बघायचं राहून गेलं.

इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ठीक होते. आतली अवस्था मात्र साठीची. पुढच्या दोन्ही सीटांच्या शिवणी उसवलेल्या, छताचं कापड म्हणजे हेडलायनर मागच्या काचेपाशी फाटून लोंबणारं, कार्पेट उन्हाने तांबूस पडलेलं, दोन्ही डोअर पॅनल खालच्या कडेला फुगलेली. ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर ट्रिमचा, म्हणजे आतल्या सजावटीचा, कोड २ए होता, म्हणजे साधं काळं व्हिनाइल. डिलक्स इंटिरिअर करायचा मोह झाला होता, पण पट्टीवर आहे तेच करायचं ठरलं. तो निर्णय पाच मिनिटांत झाला आणि योग्यच होता. सीट कव्हर, फोम, हेडलायनर, कार्पेट आणि डोअर पॅनल असा पूर्ण संच मागवला गेला. नाताळच्या सुट्टीत काम उरकायचा बेत होता.

अडचण

खोकी येऊन पडली आणि त्याच आठवड्यात दोन दिवस पाऊस लागला. गाडी बाहेर उभी होती. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर कुबट वास. नवरा म्हणाला, जुन्या कार्पेटचा वास आहे, ते बदललं की जाईल. बायकोने पुढचं कार्पेट उचलून खालचं तागाचं अस्तर मुठीत पिळलं, तर पाणी गळलं. “अरे, हे जुनं नाही, ओलं आहे,” ती म्हणाली. “पाणी कुठून येतंय ते आधी बघ, मग खोकी फोड.”

पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं. ते पूर्णपणे पाळलं गेलं नाही म्हणूनच हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं.

पाणी शोधताना

अशा गाडीत पुढच्या फ्लोअरवर पाणी यायच्या चार वाटा असतात, आणि प्रत्येकीची खूण वेगळी. हीटर कोअर, म्हणजे गाडी आतून गरम करणारा छोटा रेडिएटर, गळत असेल तर पाणी चिकट असतं, त्याला कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास येतो आणि ते फक्त प्रवाशाच्या बाजूला पडतं. पुढच्या काचेचं रबर गेलं असेल तर डॅशच्या पॅडवर ओघळ दिसतात. दाराच्या आतला कागदी पडदा फाटला असेल तर काचेच्या फटीतून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर न जाता पॅनलवर येतं. पॅनल फुगण्याचं कारण तेच. नवं पॅनल पडद्याशिवाय बसवलं तर तेही दोन पावसाळ्यांत फुगतं. चौथी वाट काऊलची. १९६४ ते १९६८ च्या मस्टँगचं हे जुनं दुखणं आहे.

काऊल म्हणजे पुढच्या काचेखालची, बॉनेटच्या मागे जाळी असलेली पत्र्याची पेटी. जाळीतून हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही आत जातं. पाणी दोन्ही टोकांच्या वाटांनी पुढच्या फेंडरमागून खाली उतरतं. हवा आत घेण्यासाठी पेटीच्या तळाला दोन भोकं असतात, आणि पाणी त्यांत पडू नये म्हणून भोकांभोवती पत्र्याची उभी कड असते, उलट्या टोपीसारखी. पेटीत पानं साचतात, पानांखाली ओल राहते आणि ही कड तळाशी गंजते. पेटी वरून स्पॉट वेल्डने बंद असल्यामुळे कारखान्यातून निघाल्यावर आत ना कुणी रंग दिलेला असतो, ना कुणी डोकावलेलं.

तपासणी दोघांनी मिळून केली. बागेचा पाइप, पाण्याला जोर अजिबात नाही, सुरुवात खालून. आधी दहा मिनिटं दारावर, मग काचेच्या रबरावर, सगळ्यात शेवटी काऊलच्या जाळीत. हा क्रम उलटा केला तर काऊलमधून आलेलं पाणी सगळीकडे पसरतं आणि बाकीच्या जागा तपासता येत नाहीत. सीट काढलेली होती. नवरा फ्लोअरवर उताणा, डोकं डॅशखाली, हातात बॅटरी. दार आणि काच कोरडी निघाली. जाळीत पाणी सोडल्यावर मिनिटभरही झालं नसेल, ड्रायव्हरच्या बाजूच्या हवेच्या भोकाच्या कडेला तपकिरी थेंब जमला, लोंबला आणि त्याच्या कपाळावर पडला. पाठोपाठ धार लागली. प्रवाशाच्या बाजूला थेंब हीटर बॉक्सच्या मागून येत होते. मूळ जागा दिसत नव्हती.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काऊल झाकून गाडी कायम गॅरेजमध्ये ठेवायची. खर्च शून्य, पण ही गाडी चालवायला घेतलेली होती.

दुसरा, प्लास्टिकच्या नव्या कडा. त्या खालून भोकात घालून सीम सीलरने, म्हणजे सांधे बुजवायच्या लुकणाने, चिकटवतात. संच स्वस्त, वेल्डिंग नाही. उणीव अशी, की सीलर पत्र्याला धरत नाही, गंजाला धरतो, आणि गंज पत्र्याला धरून असेल तोवरच ते टिकतं. शिवाय गळती कडेऐवजी पेटीच्या सांध्यातून असेल तर काहीच साधत नाही.

तिसरा, काऊलचा वरचा पत्रा काढणं. त्यासाठी फेंडर, बॉनेटच्या बिजागऱ्या आणि पुढची काच काढावी लागते. मग शंभराहून जास्त स्पॉट वेल्ड ड्रिल करून पत्रा सोडवायचा, खालचा गंजलेला भाग कापून नवा वेल्ड करायचा, सील करायचा, रंगवायचा आणि वरचा पत्रा पुन्हा वेल्ड करायचा. जाणकार माणसालाही यात कित्येक दिवस जातात.

चौथा, तेच काम बॉडी शॉपकडून करून घेणं.

घरात खोकी पडलेली, परत करायची मुदत महिनाभराची, नाताळ तोंडावर. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून दुसरा पर्याय निवडला गेला. त्या दिवशी त्यांच्या हाताशी जेवढी माहिती होती तेवढ्यावर हा निर्णय सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. पण एक प्रश्न कुणी विचारला नाही : हेडलायनरसाठी पुढची काच काढायचीच आहे, तर तेव्हाच काऊल उघडलं तर जादा काम नेमकं किती? या मस्टँगच्या काचा रबरी गास्केटमध्ये बसतात आणि हेडलायनरची पुढची-मागची कड त्या रबराखाली, पत्र्याच्या काठावर चिकटवलेली असते. म्हणजे काच, छत आणि काऊल ही मुळात एकाच कामाची तीन टोकं आहेत. बॉडी शॉपचा भावही त्याच वेळी नुसता विचारून ठेवायला हवा होता. तो त्यांना कळला काही महिन्यांनी.

काय केलं

सगळं आधी उचकटलं. सीटांचे नट गाडीच्या खालून, रबरी बुचांमागे असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं म्हणून एकही स्टड तुटला नाही. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढण्याआधी फोटो. मागच्या सीटखाली उंदराचं घरटं निघालं. तिथे व्हॅक्यूम लावायचा मोह आवरला, हे फार बरं झालं. अमेरिकेत उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस पसरू शकतो आणि कोरड्या धुळीतून तो श्वासात जातो. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण मारून पाच-दहा मिनिटं भिजू दिलं, मग हातमोजे घालून कागदाने उचललं.

फ्लोअरवरचा डांबरी थर सुक्या बर्फाने, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने, काढला. बर्फाचे तुकडे पसरून दहा मिनिटं ठेवले की डांबर काचेसारखं कडक होतं आणि हातोडीच्या टोकणीने ढलप्या उडतात. या वेळी गॅरेजचं दार पूर्ण उघडं हवं, कारण कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि काम करणारा नेमका खाली वाकलेला असतो. जुन्या थरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून डांबर कोरडं घासलं नाही.

थर निघाल्यावर पत्रा टोच्याने टोचून पाहिला. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढी चाळण, प्रवाशाच्या बाजूला त्याहून मोठी. वेल्डिंगसाठी एका ओळखीच्या कारागिराला दोन शनिवार बोलावलं. १८ गेजचा पत्रा, ०.०२३ इंचाची मिग वायर, एका जागी सलग न ओढता ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. त्याआधी दोन गोष्टी पाहिल्या : फ्लोअरखालून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या कुठे आहेत, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या सिल प्लेटखालून (दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीखालून) मागच्या दिव्यांकडे जाणारा वायरिंगचा जुडगा बाजूला घेतला का. दुसरी गोष्ट विसरली की गाडीचे मागचे दिवे जातात आणि कारण शोधण्यात रविवार जातो.

सांध्यांवर सीम सीलर, त्यावर गंजरोधक रंग. हा रंग हवेतल्या ओलाव्याने कडक होतो. डब्याच्या कडेला लागला तर झाकण परत उघडत नाही, हाताला लागला तर आठवडाभर कातडीवर राहतो. त्यानंतर प्लास्टिकच्या कडा बसवल्या. प्रवाशाच्या बाजूसाठी कूलंट काढून, दोन होज सोडून, अख्खा हीटर बॉक्स बाहेर घ्यावा लागला. कोअर गळत नव्हता, म्हणून जुनाच परत घातला. वाचलेले पैसे शंभर डॉलरच्या आतले.

मग आवाज कमी करणाऱ्या ब्यूटाइल मॅट आल्या. ३६ चौरस फुटांचं एक खोकं या गाडीच्या फ्लोअरला पुरतं. छपराच्या गळतीला लावायची डांबरी पट्टी स्वस्त मिळते, पण ती उन्हात वितळते आणि वास सोडते; ती घेतली नाही. ड्रायव्हरच्या बाजूला मॅट लावून, त्यांवरचे उठाव सपाट होईपर्यंत रोलर फिरवला. प्रवाशाच्या बाजूचा रंग अजून ओला होता म्हणून तिथलं काम पुढे ढकललं. ही निव्वळ नशिबाची गोष्ट होती.

जानेवारीतलं छत

हेडलायनरला जानेवारीत हात घातला, आणि इथे आधी कळस मग पाया असं झालं. जुनं कापड काढताना ते ज्यांवर ताणलेलं असतं त्या छताच्या तारांना पुढून मागे क्रमांक लावले, कोणती तार कोणत्या भोकात होती ते टेपवर लिहिलं. हे नेमकं केलं, कारण प्रत्येक तारेची लांबी आणि वाक वेगळा असतो. मागची काच काढली. पुढची काढताना मोडेल या भीतीने तशीच ठेवली आणि कड रबराखाली कोंबायचं ठरवलं. गॅरेजमध्ये तापमान ५ अंश सेल्सियसच्या आसपास. हीटर लावावा तर काँटॅक्ट सिमेंटच्या, म्हणजे कड चिकटवायच्या गोंदाच्या, वाफा पेट घेतात; तो लावला नाही हे शहाणपणाचं, पण मग काम एप्रिलपर्यंत थांबवायला हवं होतं. १० अंशांच्या खाली हा गोंद नीट धरत नाही आणि व्हिनाइल पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं. कागदांना लावतात त्या काळ्या क्लिपांनी कड दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी क्लिपा काढल्या आणि पुढची कड हातभर सुटून आली. शिवाय मधल्या दोन तारांमध्ये तिरक्या सुरकुत्या.

पुढचे दोन महिने सीटांवर गेले. ते काम घरात, उबेत झालं आणि सगळ्यात छान झालं. जुन्या हॉग रिंग, म्हणजे कव्हर सीटच्या सांगाड्याला बांधणाऱ्या तारेच्या कड्या, कटरने कापल्या, कव्हरच्या शिवणीतल्या तारा जपून नव्या कव्हरमध्ये ओवल्या. एका सीटची स्प्रिंग तुटली होती ती बदलली, गोणपाट नवं लावलं, त्यावर फोम. व्हिनाइल फोमवर अडकतं म्हणून फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली. कव्हर सरकून बसलं. रिंग मधून कडेकडे, दर दोन इंचांवर. आधी चारही बाजूंनी सैल लावून शिवण सरळ आहे ना ते लांबून पाहायचं आणि मगच ताणायचं. एक उसवलेली पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल कड, घरच्या शिलाई मशीनवर घालायचा प्रयत्न झाला; तीन सुया मोडल्या. दोन थर व्हिनाइल ओढायला वॉकिंग फूटचं, म्हणजे वरचा थरही पुढे सरकवणारं, मशीन आणि बाँडेड नायलॉनचा दोरा लागतो. ते काम शेवटी गादीवाल्याकडे गेलं.

दुसऱ्यांदा पाणी

एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढून पुन्हा पाइप लावला. ड्रायव्हरची बाजू कोरडी. प्रवाशाच्या बाजूला थेंब, पुन्हा. हीटर बॉक्स दुसऱ्यांदा काढला. प्लास्टिकची कड ठणठणीत होती. पाणी काऊलचा तळ आणि फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधली पत्र्याची भिंत) जिथे मिळतात त्या सांध्यातून येत होतं. छोटा कॅमेरा जाळीतून घातल्यावर पेटीच्या टोकाला पानांचा गच्च गोळा दिसला. पाणी तिथे तुंबत होतं आणि गंजलेल्या सांध्यातून वाट काढत होतं.

आता बॉडी शॉपला विचारलं. पुढची काच निघाली, वरचा पत्रा निघाला, आत दोन्ही बाजूंना नवा पत्रा लागला. ड्रायव्हरच्या बाजूची प्लास्टिकची कड आणखी वर्षभर टिकली असती, फार तर दोन. काच काढताना जानेवारीत कसंबसं बसवलेलं छत पुढून पूर्ण सुटलं. एका परीने बरंच झालं.

मे महिन्यात छत दुसऱ्यांदा घातलं. तेच कापड तासभर उन्हात ठेवलं, मध्यरेषा खडूने आखली, मागची तार पक्की करून एकेक तार उभी केली. आधी पुढची कड, मग मागची, शेवटी बाजू. ताण द्यायचा तो शिवणीच्या रेषेत. दोन शिवणींच्या मधे ओढलं की तिरकी सुरकुती पडते. उरलेल्या बारीक सुरकुत्या वाफेने गेल्या. आतल्या दिव्याचं भोक सगळं ताणून झाल्यावर, टाचणीने जागा शोधून पाडलं. मग काचा : गास्केटच्या खाचेत सुती दोरी, साबणाचं पाणी, एकजण बाहेरून तळहाताने दाबणार, दुसरा आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवणार. तिसरी पाण्याची चाचणी वीस मिनिटं चालली. कोरडं.

त्यानंतरच प्रवाशाच्या बाजूच्या मॅट लागल्या आणि कार्पेट अंथरलं. ते दोन भागांत येतं. मागचा आधी, पुढचा त्यावर, सांधा सीटखाली लपतो. उन्हात पसरून, मग गाडीत एक रात्र नुसतं ठेवलं. भोकं ड्रिलने पाडायची नाहीत : लूपचा एक धागा बिटाला गुंडाळला की कार्पेटभर रेघ उसवत जाते. खालून टोच्याने जागा शोधून, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने भोक जाळलं. कडा वितळून बंद होतात. सीटबेल्ट नवे घेतले, कारण जुना पट्टा दिसायला चांगला असला तरी उन्हाने कुजलेला असतो. त्यांचे ७/१६ इंची बोल्ट कार्पेटचा धागा मधे न अडकता सरळ नटात जातात का, ते हाताने फिरवून पाहिलं.

निकाल

नाताळचं काम ऑगस्टमध्ये संपलं. सीट, कार्पेट आणि डोअर पॅनल कारखान्यातून आल्यासारखी दिसतात. छताला मागच्या काचेपाशी एक सुरकुती आहे, ती उन्हाळ्यात दिसत नाही, थंडीत दिसते. दाराच्या आत नवे पडदे चिकटवले आहेत. दुसऱ्यांदा काढलेल्या हीटर बॉक्समध्ये नवा कोअर घातला, त्यामुळे तो तिसऱ्यांदा काढायची वेळ लवकर येऊ नये.

सगळ्यात महाग पडलं ते काऊल, आणि त्याचे पैसे दोनदा गेले : एकदा प्लास्टिकच्या कडांच्या संचाचे, एकदा पत्र्याचे. वेळेच्या हिशेबात छत आणि हीटर बॉक्स दोनदा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात जाळीतून कॅमेरा घालायला हवा होता. पानांचा गोळा आणि सांध्याचा गंज तेव्हाच दिसला असता आणि प्लास्टिकच्या कडांचा विचारच बाद झाला असता. त्या कडा वाईट नाहीत. पेटीचा बाकी पत्रा शाबूत असेल आणि फक्त भोकाची कड गेली असेल तर कामाच्या आहेत. ते माहीत नसताना त्या घेणं चुकलं.

खोकी आधी मागवली नसती तर परतीच्या मुदतीचा दबाव आला नसता. कव्हर आणि कार्पेट कधीही मिळतं.

ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅट शेवटच्या चाचणीआधी लावणं हा धोका होता. गळती त्या बाजूला असती तर पाणी मॅटच्या फटीतून खाली जाऊन अडकलं असतं आणि नव्या पत्र्याला वर्षभरात गंज चढला असता, वरून काहीही न दिसता.

कार्पेटखाली तागाऐवजी पाणी न शोषणारा फोम घालता आला असता. मूळ तसंच ठेवायचं म्हणून तागच घातला. ताग ओल धरतो, म्हणून दर मोठ्या पावसानंतर कार्पेटचा पुढचा कोपरा उचलून हात लावून पाहतात. त्यासाठी पुढच्या टोकाला सिल प्लेटचे दोनच स्क्रू लावलेले आहेत. बाकीचे अजून पिशवीत आहेत.